चूक क्रमांक २३१

हौसाबाई केरबा सुतार यांचं आंतरदेशीय पत्र मला नोव्हेंबर १९८७ मध्ये आलं. मी ते तीनदा वाचलं, पुन्हा घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू असं ठरवलं होतं. त्याला आता एकावन्न वर्षं झाली.

अक्षर गोल होतं, चौथीपर्यंत शाळेत गेलेल्या मुलीचं असतं तसं. मजकूर असा:

"वहीवाले भाऊ यांस हौसाबाईचा नमस्कार. तुमचं नाव आमच्या घरात घेतलं जायचं म्हणून लिहिते. परवा सरपंचांच्या घरी टीव्हीवर आमचे मालक दिसले. सगळ्या गावानं बघितलं. ते गेले त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. जावा तुमच्या खोट्या आभाळात, परत येऊ नका, असं मी बोलले. आता गाव म्हणतं, नदीकाठचा माणूस पुराच्या पुलावर आपणहून कसा जाईल, बाईनंच धाडला. तर भाऊ, एवढंच कळवा. तिथं ते कुणापाशी काही बोलले का. माझं बोलणं त्यांच्या मनाला लागलं होतं का. दोन ओळी लिहा."

दोन ओळी. पुढे मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. हजारो पुस्तकांच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत. त्या दोन ओळी मात्र मला जमल्या नाहीत. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, आणि फक्त मलाच माहीत होतं.

या फेब्रुवारीत इरा लिमकर मिरजेला माझ्या घरी आली नसती, तर ते माझ्याबरोबरच संपलं असतं.

इरा पुण्याच्या एका चित्रसंग्रहात काम करते. वय सत्तावीस-अठ्ठावीस. पाठीला लहान मुलाच्या दप्तराएवढी पेटी. दारात उभी राहून तिने मला खालून वर न्याहाळलं.

"खांबेटे आजोबा? 'दूरस्थ'चे वामन खांबेटे? मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

"का बरं?"

"श्रेयनामावलीत तुमचं नाव सगळ्यात शेवटी येतं. शाळेच्या फोटोत शेवटच्या रांगेत उंच मुलंच असतात की."

मी तिला चहा विचारला.

'दूरस्थ' ही सव्वीस भागांची विज्ञानमालिका. आजच्या मुलांना ती माहीत नसेल असं मी धरून चाललो होतो, पण इरा म्हणाली की उलट आहे, तिच्या पिढीला ती तोंडपाठ आहे. मालिकेचं चित्रण कोल्हापूरजवळच्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीत झालं. आमचं 'टिटवी' नावाचं अंतराळयान प्लायवूडचं होतं. त्याचं सुकाणू म्हणजे उसाच्या चरकाचं चाक. शिरस्त्राणं म्हणजे चंदेरी रंग दिलेली मोटारसायकलची हेल्मेटं. मी सव्वीस वर्षांचा होतो, ती माझी पहिली नोकरी होती आणि काम होतं सातत्य राखण्याचं.

ते काम काय, ते सांगायला हवं. दृश्यं कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. कप्तान सोमवारी एका दारातून बाहेर पडतो आणि दारापलीकडे पोचतो तो पुढच्या महिन्यात. मधल्या काळात त्याने केस कापले असले, तर ते कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं. तो 'कुणी तरी' मी. दर वेळी फोटो काढण्याची चैन नव्हती. मी एका दोनशे पानी वहीत चित्रं काढून ठेवत असे: कुठलं बटण लावलेलं, पेला किती भरलेला, जखम कुठल्या हाताला. सगळे मला वहीवाले म्हणत.

तरीही चुका राहिल्या. चारशे बारा. हा आकडा माझा नाही, चाहत्यांचा आहे. सहाव्या भागात नियंत्रणफलकावरून एक पाल शांतपणे चालत जाते. शनीच्या चंद्रावर कोल्हापुरी चपलेचा ठसा आहे. कप्तानाच्या मिशा एका वाक्यात दोनदा जाड-बारीक होतात. लोक या चुकांवर प्रेम करतात. मी त्या चुकांवर कधी हसू शकलो नाही, पण तो माझा दोष.

"आता त्या काढायच्या आहेत," इरा म्हणाली. "त्यासाठी साक्षीदार लागतो. त्या युनिटमधले तुम्ही एकटेच उरलात."

तिने यंत्राचं जे समजावून सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. बरोबर असेल अशी खात्री देत नाही.

पूर्वी आपण चित्रं साठवत होतो. हे यंत्र, त्याला ते 'समन्वय' म्हणतात, चित्रं साठवत नाही. ते जागा साठवतं. चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे कुठून तरी निघून कशावर तरी आपटून कॅमेऱ्यात शिरलेला प्रकाश. चकचकीत हेल्मेटवर, काचेवर, माणसाच्या ओल्या डोळ्यावर आसपासच्या सगळ्या खोलीचं पुसट प्रतिबिंब असतं. आपल्याला ते दिसत नाही. समन्वय सव्वीस भागांतले असे अब्जावधी ठिपके एकमेकांशी पडताळतं आणि त्यांवरून उलट हिशेब करत ती अख्खी गिरणी उभी करतं: भिंती, दिवे, माणसं, कॅमेऱ्याच्या मागची बाजूसुद्धा. मग घरी बसलेला प्रेक्षक यानात शिरून हव्या त्या कोपऱ्यातून मालिका बघू शकतो.

"पण त्या जगात विसंगती चालत नाही," ती म्हणाली. "पेला एकाच क्षणी भरलेला आणि रिकामा असला की हिशेब जुळत नाही. सगळी खोली थरथरायला लागते. म्हणून प्रत्येक चुकीचा निकाल लावावा लागतो."

"आणि जुन्या फिती?"

"बुरशीने खाल्ल्या. त्यांच्या नकला आहेत, पण हे काम पक्कं झालं की त्याही काढून टाकतात. दोन्ही ठेवायला वीज आणि जागा कुठून आणायची? जगभर हेच चाललंय, आजोबा."

निकाल तीन प्रकारचे होते. 'चूक' म्हटलं, की यंत्र ती गोष्ट पुसतं. 'हेतू' म्हटलं, की ती मुद्दाम केलेली आहे असं धरून यंत्र तिला कथेत बसवतं, लागेल ते जोडतं. तिसरा 'साक्ष'. त्यात ती जागा आहे तशी ठेवतात, तिथे यान यान राहत नाही, गिरणी दिसते. आणि साक्षीदाराने खरं काय घडलं ते स्वतःच्या नावानिशी सांगायचं.

"तिसरा आत्तापर्यंत कुणी घेतलेला नाही," इरा म्हणाली. "कथेत भोक पडतं ना."

आम्ही रोज सकाळी दहाला बसू लागलो. ती पेटीतल्या यंत्रातून भिंतीवर दृश्य उमटवायची, मी निकाल सांगायचो. पाल: चूक. चपलेचा ठसा: चूक. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून काही दुरुस्त होत होतं.

"पाल राहू द्या हो," इरा गयावया करत म्हणाली. "मी तिचं नावही ठेवलंय."

"अंतराळात पाल नसते."

"अंतराळात उसाचा चरक असतो वाटतं?"

सहाव्या दिवशी आम्ही दोनशे एकतीसवर आलो.

त्याबद्दल वेगळं सांगायला नको. ती चूक सगळ्यांना माहीत आहे. चौदाव्या भागात यानाचं दार फुटतं, धूर होतो, आणि खिडकीबाहेर, जिथे फक्त तारे असायला हवेत, तिथे एक माणूस उभा राहतो. डोक्याला पांढरी टोपी, कानावर सुताराची पेन्सिल. दोन सेकंद आत बघतो आणि नाहीसा होतो. 'खिडकीतला माणूस'. त्याचे सदरे निघाले, त्याच्या तोंडी वाक्यं घालून लोक एकमेकांना पाठवतात. पुण्यात एका चहाच्या दुकानाला ते नाव आहे, त्या रस्त्याने मी कधी गेलो नाही.

"हा तर आमचा हिरो!" इरा म्हणाली. "कोण होता हा, आजोबा?"

"केरबा सुतार. त्याने ते यान बांधलं."

केरबा सगळं सेट एकहाती बांधायचा. खिडकीमागचं आकाश म्हणजे भोकं पाडलेलं काळं कापड आणि त्यामागे दिवे. स्फोटाच्या दृश्यासाठी मोठा पंखा लावला, की कापड हलायचं, तारे लटपटायचे. म्हणून केरबा खिडकीखाली उकिडवा बसून दोन्ही हातांनी कापड ताणून धरायचा. "मी टिटवी हाय बघा वहीवाले," म्हणायचा. "आभाळ धरून बसतोय."

पंख्याच्या आवाजात त्याला 'कट' ऐकू येत नसे. म्हणून आमचं ठरलं होतं: दृश्य संपलं की मी कॅमेऱ्याशेजारी वही डोक्यावर धरायची. खिडकीखालच्या फळीला एक भोक होतं, त्यातून त्याला मी दिसत असे. वही वर झाली की तो कापड सोडून उठायचा.

त्या दिवशी ते दार एकदाच फुटणार होतं. दुसरं करायला आठवडा लागला असता, आणि डॉक्टर रेवाचं काम करणाऱ्या शैला कारखानीस संध्याकाळी मुंबईला परत निघणार होत्या. दार फुटलं. धुरातून शैलाबाई धावत आल्या. आणि मला दिसलं की जखमेची पट्टी त्यांच्या डाव्या हाताला आहे. ती उजव्या हाताला असायला हवी होती. असायलाच हवी होती का? मला माझीच शंका आली. वहीतलं चित्र बघावं म्हणून मी पान उघडलं, पण धुरात काही दिसेना. डोक्यावर दिवा होता. मी वही त्या उजेडात वर धरली.

केरबा उठला.

आमचे दिग्दर्शक देशिंगकर पिसाळले. केरबाला बाहेर बोलावून सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं तुला उठायला?"

"वही वर झाली, साहेब."

"खांबेटे?"

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही साहेब. मी वही उचलली नव्हती."

केरबाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फळी कापताना माप चुकलं की तो तिच्याकडे बघायचा, तसं. मग म्हणाला, "मग माझीच नजर चुकली असंल, साहेब."

"चल, नीघ इथून. पुन्हा या आवारात दिसलास तर बघ."

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऑगस्ट होता आणि दोन दिवस नदी चढत होती. नदीला पूर आला की युनिटची जीप संध्याकाळी पलीकडच्या गावांच्या माणसांना वरच्या, लांबच्या पुलावरून घरी सोडत असे. केरबा संध्याकाळपर्यंत तिथे थांबू शकत नव्हता. तो सायकलने खालच्या पुलाकडे गेला. पुलावरून पाणी जात होतं. तो चौथ्या दिवशी सापडला.

हे सगळं मी इराला सांगितलं नाही. मी म्हणालो, "चूक. पुसून टाक."

तिने बोट उचललं आणि थांबली. "थांबा, एक गंमत दाखवते. पुसल्यावर बघता येणार नाही. कप्तानाच्या हेल्मेटमध्ये कॅमेऱ्याकडची सगळी बाजू उतरलीये. खिडकीतला माणूस उभा का राहिला ते त्याच्या जागेवरून बघू."

मी नको म्हणायला हवं होतं. मला अशा वेळी शब्द सापडत नाहीत.

भिंतीवरचं दृश्य गर्रकन फिरलं. आता आम्ही खिडकीमागे होतो, फळीच्या भोकापाशी. समोर धूर, कॅमेऱ्याचा काळा ठोकळा, आणि त्याच्या बाजूला एक किरकोळ अंगाचा तरुण, मोठ्या चष्म्याचा. त्याचा चेहरा पुसट होता. हात स्पष्ट होता. हातात वही, डोक्याच्या वर.

"हे कोण? हे तुम्हीच ना?" इरा ओरडली. "म्हणजे तुमच्या खुणेमुळे तो उठला! आजोबा, पन्नास वर्षं लोक डोकं फोडतायत, आणि तुम्ही इथे गप्प बसलाय! हे म्हणजे..."

ती माझ्याकडे वळली आणि तिचं हसू गेलं.

"काय झालं?"

"हो," मी म्हणालो. "तो मीच."

एवढे शब्द बाहेर पडल्यावर बाकीचे थांबले नाहीत. मी तिला सगळं सांगितलं. शब्दकोश काढून पत्र दिलं. तिने ते वाचलं आणि बराच वेळ घडी न घालता हातात धरून ठेवलं.

"तुम्ही उत्तर का नाही दिलंत?"

"लिहायला बसलो की आधी ते एक वाक्य लिहावं लागायचं."

"आणि आता पुसलं की झालं? त्याचा चेहरा, तुमचा हात, दोन्ही?"

माझ्या मनातलं तिनेच बोलून दाखवलं होतं.

मी म्हणालो, "हेतू म्हणून बघता येईल का? नुसतं बघायला."

आज मला त्याची लाज वाटते. चूक म्हटलं तर तो पुसला जाणार, साक्ष म्हटलं तर मी उघडा पडणार. मधला रस्ता मला नेहमीच आवडत आला आहे.

इराने कळ दाबली. यंत्राला दीड मिनिट लागलं.

दार फुटलं. धूर झाला. खिडकीबाहेर केरबा उभा राहिला, पण आता त्याच्या अंगावर अंतराळवीराचा पोशाख होता. पेन्सिलीच्या जागी लहानसं उपकरण. त्याने आत बघून हात हलवला. तो यानाची बाहेरून दुरुस्ती करत होता, असं यंत्राने ठरवलं होतं. मग बाजूचं दार उघडलं आणि तो आत आला. शैलाबाईंनी त्याचं हेल्मेट काढलं. खाली त्याचा चेहरा होता, केरबाचाच, घामेजलेला, हसरा. सुखरूप. सगळे त्याच्याभोवती जमले. तो म्हणाला, "काळजीचं कारण नाही. दुरुस्ती पूर्ण झाली आहे."

माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला. इराने दृश्य थांबवलं.

"आजोबा, पाणी आणू?"

"तो असं बोलत नव्हता," मी म्हणालो.

"मूळ दृश्यात त्याचा आवाजच नाहीये. यंत्राने सरासरी काढून..."

"तो असं बोलत नव्हता, इरा. तो 'हाय' म्हणायचा. 'न्हाई' म्हणायचा. पूर्ण झाली आहे असं तो जन्मात म्हणाला नसता." मी खुर्चीला धरून उभा होतो. कधी उठलो कळलं नाही. "त्याला घरी आणलंय यंत्राने. बघितलंस? किती सहज आणलं. दार उघडलं आणि आत घेतलं. मला एवढंच करायचं होतं. हो साहेब, वही मीच उचलली. एवढंच बोलायचं होतं, तो जिपेत बसला असता."

ती हळूच म्हणाली, "त्याचा खरा आवाज आठवणारं आणखी कुणी आहे का?"

"एक होती."

इराने टेबलावर पेटी ओढली आणि तिच्यावर नाव शोधू लागली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं की ती गेलेली असली तर बरं. हे लिहिताना हात थांबतो, पण आलं होतं ते आलं होतं.

"पाडळवाडी," इरा म्हणाली. "हौसाबाई केरबा सुतार. वय पंचाहत्तर. मतदार यादीत आहेत. आजोबा, त्या आहेत."

"फोन लावू का?" तिने विचारलं. "आत्ता बोलता येईल."

"नको. त्यांनी पत्र लिहिलं होतं."

"बरं. आणि दोनशे एकतीस? महिनाअखेर सगळं पक्कं होणार."

"ते मी ठरवायचं नाही. त्यांना विचारल्याशिवाय मी त्याला पुसणारही नाही आणि ठेवणारही नाही."

"वरचे लोक मला खातील."

"मग?"

तिने नाक ओढलं. "खाऊ देत. 'साक्षीदाराची प्रकृती बरी नाही' असं लिहिते. तसं खोटं नाहीच ते."

ती गेल्यावर मी लिहायला बसलो. चार दिवस लागले. पहिल्या दिवशी मी सहा पानं लिहिली आणि त्यातली साडेपाच माझ्याबद्दल होती: मी किती भित्रा होतो, मला किती वर्षं झोप नव्हती. ती फाडली. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तीही फाडली. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि त्यांच्याकडून आणखी काही मागायचा मला हक्क नव्हता. तिसऱ्या दिवशी काहीच सुचलं नाही. शेवटी जे पाठवलं ते असं:

"श्रीमती हौसाबाई यांस वामन खांबेटे याचा नमस्कार. तुमचे मालक मला वहीवाले म्हणत.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला एकावन्न वर्षं लागली. त्याचं कारण देत नाही. देईन ते खरं असेल असं वाटत नाही.

तुम्ही विचारलं होतं, ते कुणापाशी काही बोलले का. बोलले. दुपारी भाकरी सोडताना सगळ्यांसमोर हसत म्हणाले, आज मालकिणीनं सोडचिठ्ठीच दिली बघा, म्हणली, जावा तुमच्या खोट्या आभाळात, परत येऊ नका. सगळे हसले. नंतर नळावर हात धुताना मला एकट्याला म्हणाले, रविवारी तिला घिऊन येतो, दावतो हे आभाळ, मग तीच म्हणंल हितंच राहूया. त्यांनी माझ्याकडून दुपारची वेळ ठरवूनही घेतली होती. तुमचं बोलणं त्यांच्या मनाला लागलं नव्हतं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

लागलं असेल तर माझं लागलं असेल. त्या दुपारी माझ्या हातून एक चूक झाली. ती त्यांची ठरली. त्यांनी खरं सांगितलं, मी साहेबांसमोर नाही म्हणालो. त्यांनी मला खोटं पाडलं नाही, चूक स्वतःवर घेतली. त्यांना तीन वाजता घालवून दिलं. ते थांबले असते तर संध्याकाळच्या जिपेने वरच्या पुलावरून घरी आले असते. पुलावर त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही आणि मी अंदाज करणार नाही. पण ते त्या पुलावर तुमच्यामुळे नव्हते. गावात हे पत्र कुणालाही वाचून दाखवा.

टीव्हीवरच्या त्या दोन सेकंदांबद्दल एक विचारायचं आहे. ती मालिका आता नव्याने करत आहेत. त्यात त्यांना पुसता येतं, किंवा त्या दिवशी काय झालं ते माझ्या नावानिशी सांगून आहे तसं ठेवता येतं. काय करायचं ते तुम्ही सांगा. तुम्हाला काही कळवावंसं वाटलं नाही, तर तसंही चालेल. वामन खांबेटे."

पाचव्या दिवशी सकाळी मी पोस्टात गेलो. आता पत्रासाठी एकच खिडकी उघडी असते. तिथल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"आजोबा, हाताने लिहिलंय? पाडळवाडीला तीन दिवस लागतील. बोलून पाठवा की, आत्ता पोचेल."

"तीन दिवस चालतील."

"पाठवणाऱ्याचं नाव कुठंय? मागे काहीच नाही."

"विसरलो," मी म्हणालो. आणि लगेच म्हणालो, "नाही. विसरलो नव्हतो. लिहिलं नव्हतं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि दोऱ्याला बांधलेलं पेन पुढे सरकवलं. मी नाव लिहिलं, खाली मिरजेचा पत्ता लिहिला. पिनकोड दोनदा लिहावा लागला.

"पोचल्याची सही हवी का?"

"नको."

त्यांनी शिक्का मारला, आणि पत्र मागच्या पिशवीत टाकलं.